चकली उभी कशी राहील?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी स्वयंपाकघर सोडून दुसरीकडे कुठे बसायची सोय नसते. यंदा माझी भाची चार दिवसांच्या रजेवर आली होती. ती प्रयोगशाळेत रेणूंची छायाचित्रे काढते. गेली तीन वर्षे ही गोष्ट मी चारचौघांत मोठ्या रुबाबाने सांगत आलो आहे, आणि ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारू नये अशी मनातल्या मनात प्रार्थनाही करत आलो आहे. यंदा पुढचा प्रश्न मलाच विचारावा लागला, कारण पोरीचा चेहरा उतरला होता.

"मामा, नकाशा फसवा निघाला," ती म्हणाली.

नकाशा म्हटले की मला सोसायटीच्या प्लॉटची मोजणी आठवते. मी दचकून विचारले, "कुठल्या जागेचा?"

"जागेचा नाही रे, प्रथिनाचा. आठ महिन्यांचं काम. आकडा सुरेख आला होता, सर पेढे वाटायच्या बेतात होते. आणि मीच शहाणपणा करून तो नकाशा बाजूने तपासला."

मग चकल्या तळल्या जात असताना जे ऐकले, ते वाचकांपुढे ठेवतो. चुकले असेल ते माझे, बरोबर असेल ते तिचे.

हे यंत्र करते काय, ते आधी सांगतो. प्रथिनाचा रेणू इतका लहान की उजेडाने तो दिसत नाही. इलेक्ट्रॉनांच्या झोताने दिसू शकतो, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आत हवा नसते, आणि निर्वात जागेत पाणी टिकत नाही. पाणी गेले की रेणूचे वाळवण होते. बरे, गोठवावे म्हटले तर बर्फाचे स्फटिक होतात आणि सगळा विचका. यावर झाक द्युबोशे यांनी जर्मनीत हायडेलबर्ग येथे १९८०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तोड काढली. रेणू असलेल्या पाण्याची पातळ चकती द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या ईथेनमध्ये झपकन बुडवायची. पाण्याला स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही. ते काचेसारखे होऊन बसते आणि रेणू जिथल्या तिथे, जसेच्या तसे अडकतात. शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन, इंग्रजी संक्षेपाने 'क्रायो-ईएम', म्हणतात ते हेच.

परंतु इलेक्ट्रॉनांचा मारा जोराचा केला तर रेणूच जळतो. म्हणून झोत मंद ठेवावा लागतो आणि छायाचित्र येते ते धुक्यातल्या सावलीसारखे. एका सावलीवरून काही कळत नाही. तेव्हा एकाच जातीच्या लाखो रेणूंच्या लाखो सावल्या घ्यायच्या, कोणती सावली कोणत्या बाजूने पडली ते गणिताने ओळखायचे, त्या एकत्र करायच्या आणि त्यातून रेणूची त्रिमित आकृती उभी करायची. या गणिताचा पाया योआखिम फ्रांक यांनी घातला. द्युबोशे, फ्रांक आणि केंब्रिजचे रिचर्ड हेंडरसन या तिघांना २०१७चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामाबद्दल.

तयार झालेल्या आकृतीला ही मंडळी 'नकाशा' म्हणतात. प्रत्येक नकाशाला एक आकडा चिकटवलेला असतो: तीन अँगस्ट्रॉम, पाच अँगस्ट्रॉम. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. इतक्या अंतरावरच्या दोन गोष्टी नकाशात वेगळ्या ओळखू येतात, असा त्या आकड्याचा अर्थ. वर्गातल्या नंबरासारखा तो जितका लहान तितका चांगला. आठ-दहाच्या नकाशात प्रथिनाचे नुसते जाड दांडे दिसतात; तीनच्या आसपास आले की साखळीला फुटलेल्या बारीक फांद्याही दिसू लागतात.

"मग तुझा आकडा किती होता?"

"तीन पूर्णांक चार."

"म्हणजे चांगलाच की!"

"कुठल्या दिशेने?" तिने विचारले आणि फराळाचे ताट पुढे ओढले.

ताटात एका बाजूला बेदाणा लावलेले बेसनाचे लाडू होते, दुसऱ्या बाजूला चकल्या. तिने ताट जरा हलवले. "आता वरून फोटो काढायचा. लाडवावरचा बेदाणा कुठे दिसेल?"

"कधी वर, कधी बाजूला. काहींचा तर खाली दडलेला असेल."

"म्हणजे लाडू सगळ्या बाजूंनी पाहून होतो. आणि चकली?"

चकली बापडी आडवीच पडणार. शंभर चकल्या टाका, शंभरही आडव्याच. वेटोळी मोजता येतील, काटे मोजता येतील, पण चकली जाड किती हे वरून काढलेल्या हजार फोटोंतूनही कळायचे नाही.

"जाडी माझ्या सोऱ्याला विचारा," सौ. कढईपाशून म्हणाली.

रेणूंचेही असेच होते. पाण्याची ती चकती फार पातळ असते, आणि गोठण्यापूर्वीच्या क्षणभरात रेणू तिच्यात भिरभिरत असताना पाण्याच्या पृष्ठभागावर पुन्हा पुन्हा आदळतो. त्याच्या अंगाचा जो भाग पाण्यापेक्षा हवेला राजी, तो तिथे चिकटतो आणि रेणू त्याच एका आसनात गोठतो. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी अशा अनेक चकत्या आडव्या-उभ्या तपासून २०१८ साली दाखवून दिले की बहुसंख्य रेणू पाण्याच्या पोटात नसतातच; ते पृष्ठभागाला लटकलेले असतात.

आता थोडे गणित. वाचकांनी इथून पान उलटू नये, कलिंगडापेक्षा अवघड काही सांगणार नाही. कोणतीही आकृती लहानमोठ्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते, हे फ्रेंच गणिती फूरिए याचे देणे. अशा सर्व लहरींचे एक कलिंगड कल्पा. मध्याजवळ लांब, ढोबळ लहरी. सालीकडे जावे तशा आखूड, बारीक तपशिलाच्या लहरी. वरून काढलेले प्रत्येक छायाचित्र म्हणजे या कलिंगडाची मधोमध कापलेली एक चकती, जिकडून पाहिले त्या दिशेशी काटकोनात असलेली. वेगवेगळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्या, वेगवेगळ्या चकत्या मिळतात आणि कलिंगड भरत जाते. डेव्हिड डिरोझिए आणि एरन क्लुग यांनी १९६८ साली जंतूंवर जगणाऱ्या एका विषाणूचे शेपूट या रीतीने त्रिमित उभे केले. क्लुग यांना १९८२ साली नोबेल मिळाले. (आपले जी. एन. रामचंद्रन मागे नव्हते. त्यांनी लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ साली फूरिएच्या लहरींना वळसा घालून सावल्यांवरून आकृती उभी करण्याची निराळीच रीत मांडली, आणि ती क्ष-किरणांच्या चित्रांना लागू तशीच इलेक्ट्रॉन-चित्रांनाही लागू होती. पण तो विषय वेगळ्या लेखाचा.)

चकली ताटात कितीही गोल फिरवा, वरून पाहिले की मिळते ती तीच आडवी चकती. लाख छायाचित्रे काढा, चकती एकच. चकल्या थोड्याफार कलंडलेल्या असल्या तर चकत्याही थोड्या कलतात, तरी कलिंगडात वर आणि खाली मिळून एक डमरूच्या आकाराची पोकळी उरतेच. त्या पोकळीतल्या लहरी आपल्याला कधी मिळालेल्याच नसतात. अशा अपुऱ्या कलिंगडातून आकृती उभी केली की ती पाहण्याच्या दिशेने ताणली जाते, चिक्कीच्या पाकाची तार ओढावी तशी. समोरून लखलखीत, बाजूने पाहाल तर फराटे.

इथे सौ.ने एक प्रश्न विचारला आणि मी मनातून जरा खट्टू झालो, कारण तो मला सुचायला हवा होता. "मग माझ्या लाटण्याचं काय? तेही आडवंच पडतं की."

भाची उडालीच. "मामी, लाटणं लोळतं ना! आडवं पडून लोळलं की त्याच्या सगळ्या बाजू वर येतात." तेव्हा चकत्या पुस्तकाच्या पानांसारख्या कण्याभोवती उलगडतात आणि कलिंगड पुरते भरते. आडवे पडणे हा दोष नव्हे. एकाच तोंडाने पडणे हा दोष. टोकावर उभे ठाकलेले कणीस वरून पाहिले तर त्याची गत चकलीपेक्षा बरी नाही.

"पण मग तो तीन पूर्णांक चार आला कुठून?" माझा वकिली प्रश्न.

याचे उत्तर मला सर्वांत रंजक वाटले. नकाशा किती खरा हे ठरवायला मूळ रेणू समोर नसतो. मग काय करतात? आजोबांचे एखादे पुसट मोडी पत्र दोन जाणकारांना निरनिराळ्या खोल्यांत बसवून वाचायला द्यावे, तसे करतात. दोघांचे वाचन जिथे जुळले तिथे अक्षर खरेच आहे. जिथे जुळत नाही तिथे अंदाजाचा खेळ. लाखो सावल्यांचे दोन निम्मे भाग करायचे, दोन स्वतंत्र नकाशे बनवायचे आणि त्यांची कलिंगडे थराथराने ताडून पाहायची. ढोबळ लहरींच्या थरात दोघांचे चांगले जुळते. सालीकडे जावे तसे जुळणे कमी होत जाते. पूर्ण जुळले तर एक, मुळीच नाही तर शून्य. हे ताडून पाहणे हराउझ आणि व्हान हील यांनी १९८६ साली रूढ केले. जुळणी ०.१४३च्या खाली गेली की तिथे रेघ मारायची, असे रोझेन्थाल आणि हेंडरसन यांनी २००३ साली सुचवले. हा आकडा पंचांगातून काढलेला नाही. दोन निम्म्या नकाशांची जुळणी इतकी असेल, तर दोन्ही मिळून झालेल्या पूर्ण नकाशाची निर्दोष नकाशाशी जुळणी बरोबर अर्धी येते, असे त्यामागे गणित आहे.

सगळे चोख. मेख एवढीच की थर म्हणजे कलिंगडाभोवतीची अख्खी साल. तिच्यातल्या सर्व दिशा एका पोत्यात घालून एकच आकडा निघतो. आणि पोकळीचे काय? तिथे दोन्ही जाणकारांनी काही वाचलेलेच नसते, मग मतभेद कुठून होणार! पत्राचा डावा भाग वाळवीने खाल्ला असेल, तर दोघेही उजव्या भागावर एकमत होतात आणि निकाल लागतो की पत्र उत्तम वाचले. परीक्षा खोटी नाही, पण न सोडवलेल्या प्रश्नांचे गुण त्या परीक्षेत वजाच होत नाहीत.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. अख्खी साल एकदम ताडू नका. एक दिशा धरा, तिच्याभोवतीचा एक शंकू घ्या आणि दोन नकाशांची जुळणी त्या शंकूपुरतीच मोजा. मग दुसरी दिशा, तिसरी, अशा शेकडो. एका आकड्याऐवजी दिशागणिक आकडा मिळतो.

हे नवे दुखणे आहे असे कोणी समजू नये. मिठागरांतल्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवाच्या अंगात जांभळे प्रथिन असते, बॅक्टिरिओऱ्होडॉप्सिन. उजेड झेलून काम करणारा तो एक पंपच आहे. त्याचे रेणू एका पापुद्र्यात फरशीसारखे बसवलेले असतात, सगळे एकाच तोंडाने. चकलीचा कळसच म्हणा ना. हेंडरसन आणि नायजेल अन्विन यांनी पापुद्रा कलता करून छायाचित्रे घेतली आणि १९७५ साली सात अँगस्ट्रॉमचा नकाशा काढला. त्यात सात दांडे दिसले. पुढे पंधरा वर्षे खपून १९९० साली हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी त्याचा अणूंच्या जवळ जाणारा नकाशा प्रसिद्ध केला. पापुद्रा हवा तितका कलता करता येत नाही, त्यामुळे डमरू उरलाच होता. निबंधाच्या आरंभीच्या सारांशातच त्यांनी लिहून टाकले की पापुद्र्याच्या पातळीत विभेदन साडेतीन अँगस्ट्रॉम आहे आणि तिच्याशी काटकोनात ते त्याहून कमी आहे. माझ्या मते त्या निबंधातले हे वाक्य त्या सात दांड्यांइतकेच मोलाचे. पुढे १९९६ साली आणखी कललेली छायाचित्रे जमवून त्यांनी नकाशा सुधारला.

नंतर सुटे रेणू पाहण्याची रीत जोरात आली, यंत्रे सुधारली, एकापाठोपाठ नकाशे येऊ लागले आणि प्रत्येकाच्या कपाळावर एकच आकडा राहिला. काटकोनातली ती कबुली मागे पडली. २०१७ साली अमेरिकेत योंग झी टान, फिलिप बाल्डविन, दिमित्री ल्युमकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लूच्या विषाणूच्या अंगावरची खुंटी तपासायला घेतली. विषाणू आपल्या पेशीला पकडतो तो याच खुंटीने. तिचे नाव हीमॅग्लुटिनिन. तीन सारख्या भागांची, लांबट, कणसासारखी. आणि कणसासारखीच ती पाण्यात टोकावर उभी राहते! सरळ वरून घेतलेल्या छायाचित्रांतून नकाशा धड उभाच राहिना. तेव्हा त्यांनी रेणूंची समजूत घालण्याचा नाद सोडला आणि चकती ठेवलेली जाळीच ४० अंशांनी कलती केली. रेणू जागच्या जागी गोल निरनिराळे फिरलेले असतात, त्यामुळे एकदाच ताट कलते केले की प्रत्येक जण वेगळी बाजू दाखवतो. नकाशा आला ४.२ अँगस्ट्रॉमचा, पण घाट धरून. दिशागणिक जुळणी मोजण्याची आज्ञावलीही त्यांनी सर्वांना खुली केली. दिशादिशांचे निकाल मिळून होणारी आकृती चेंडूसारखी गोल आहे की लांबट, याचाही ती एक आकडा देते. पूर्ण गोल म्हणजे एक.

पुढे २०२३ साली येल विद्यापीठातले होसे-लुईस व्हिलास आणि हेमंत तगारे यांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला. प्रत्येक थराला विचारायचे, तुझ्यातल्या किती दिशा उत्तीर्ण? ढोबळ थरांत सगळ्या उत्तीर्ण असतात, बारीक थरांत कोणीच नाही. मधे काय होते ते पाहायचे. सगळ्या दिशा जवळजवळ एकदम नापास झाल्या तर नकाशा सर्व बाजूंनी सारखा; एकेक दिशा रेंगाळत गळत गेली तर दिशादिशांत भेद आहे. मला ही रीत फार आवडली. वर्गाची सरासरी सांगू नका, किती मुले पास झाली ते सांगा, असे विचारणारा पालक मी स्वतः होतो.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. तर या नकाशांत रसायनशास्त्रज्ञ औषधासाठी कोनाडे शोधतात. प्रथिनाच्या कुठल्या खाचेत औषधाचा रेणू नेमका बसेल, हे ते नकाशावर बोट ठेवून ठरवतात. नकाशा एका दिशेने ताणलेला असला तर खाच आहे त्याहून लांब दिसते, साखळीची फांदी भलतीकडे वळलेली दिसते. किल्ली घडवणारा मग त्या खोट्या कुलपावर वर्ष घालवतो, आणि कपाळावरचा आकडा पाहून त्याला शंकाही येत नाही.

आमच्या पोरीचे हेच झाले. एकूण आकडा ३.४. दिशादिशांनी मोजले तेव्हा आडव्या दिशांत त्याहूनही थोडा चांगला, आणि उभ्या दिशेत जवळजवळ सात! तिचे म्हणणे ज्या खाचेबद्दल होते, ती खाच नेमकी उभ्या दिशेत. निबंध लिहून तयार होता. परदेशातला दुसरा एक गट त्याच प्रथिनामागे आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. सरांनी पाच मिनिटे खिडकीबाहेर पाहिले आणि विचारले, "तपासणारे हे मागतील असं वाटतं तुला?" ती म्हणाली, "सर, मागतील की नाही ते माहीत नाही, पण ती खाच मलाच आता दिसत नाही." कोणती प्रयोगशाळा, कोण सर, हे मी लिहीत नाही. माणूस वाईट नसावा. त्यांनी निबंध कपाटात ठेवला.

आता जाळी कलती करून पुन्हा पहिल्यापासून. तेही फुकट होत नाही. कलत्या जाळीत इलेक्ट्रॉनांना बर्फाचा जाड थर भेदावा लागतो, छायाचित्राची एक कड जवळ आणि दुसरी लांब पडल्यामुळे सगळे एकदम नीट टिपले जात नाही, झोताच्या धक्क्याने रेणू हलतात तेही जास्त जाणवते. एकूण आकडा घसरणार हे ठरलेलेच. दुसरेही उपाय आहेत. पाण्यात साबणाच्या जातीचे द्रव्य किंचित घालून पृष्ठभागावरची जागा आधीच अडवायची, किंवा रेणूंना चिकटायला सवडच मिळू नये इतक्या लौकर गोठवायचे. अलीकडे तर संगणकाला शिकवून पोकळी भरून काढणाऱ्या आज्ञावल्याही निघाल्या आहेत. मी म्हटले, "मग तेच कर की, घरबसल्या होईल." ती म्हणाली, "तेही करून पाहीन. पण वाळवीनं खाल्लेली अक्षरं हुशार माणसानं भरली, तरी ती आजोबांनी लिहिलेली नसतात ना, मामा."

यंत्राची पाळी तिला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची मिळाली होती, म्हणून ती ओवाळून झाल्याबरोबर रात्रीच्या गाडीने निघाली. सौ.ने फराळाचे डबे भरून दिले. प्रवासात मोडू नयेत म्हणून तिने चकल्या डब्यात कडेवर उभ्या, एकीला एक टेकवून, घट्ट रचल्या होत्या. भाचीने झाकण उघडून आत पाहिले, मामीकडे पाहिले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.

"मामी, ही युक्ती माझ्या रेणूंना कोण सांगणार?"

"आधी डबा सरळ धर," सौ. म्हणाली, "आडवा केलास तर सगळ्या पुन्हा पडतील."